जिल्हा कौशल्य समिती : खुर्च्या कोणाच्या, प्रतिनिधित्व कोणाचे?

लखनौच्या दक्षिण भागात, रायबरेली रस्त्यावर, छावणीचा प्रदेश मागे पडला की तेलीबागेची बाजारपेठ लागते. एकेकाळी शहराच्या कडेला असलेला हा भाग आता शहरातच जमा झाला आहे. शेजारी उत्तर प्रदेश आवास विकास परिषदेची वृंदावन योजना ही विस्तीर्ण वसाहत, त्याच रस्त्यावर संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था आणि त्याच परिसरात १९९६ साली स्थापन झालेले बाबासाहेब भीमराव आंबेडकर विद्यापीठ. घरे बांधली जात असतील तेथे गवंडी, सुतार, वायरमन, नळकारागीर लागतात. मोठे रुग्णालय असेल तेथे परिचर, तंत्रज्ञ, स्वच्छता कर्मचारी लागतात. आणि लखनौ हे चिकनकारीचे शहर असल्याने घरोघरी बसून सुईने भरतकाम करणाऱ्या स्त्रियाही येथल्या श्रमबाजाराचा भाग आहेत, जरी त्यांची गणना कामगार म्हणून क्वचितच होते.

अशा भागातील दहावी उत्तीर्ण तरुणाला शिकवावे काय? शीतकरण यंत्रांची दुरुस्ती, रुग्णसेवा, संगणकावरील नोंदकाम, की शिवणकाम? या प्रश्नाचे उत्तर तेलीबागेत ठरत नाही. ते जिल्हाधिकारी कार्यालयातील एका सभागृहात, जिल्हा कौशल्य समितीच्या बैठकीत ठरते. किंवा तेथे ठरावे अशी अपेक्षा असते. अमेरिकेत ज्यांना स्थानिक मनुष्यबळ विकास मंडळे म्हणतात, त्यांच्या सर्वांत जवळची भारतीय संस्था हीच. त्या सभागृहात कोण बसतो यावर तेलीबागेतील तरुणाची पुढील काही वर्षे अवलंबून असतात. चुकीचा अभ्यासक्रम उघडला गेला तर प्रमाणपत्र हाती येते, काम मिळत नाही. आणि गेलेले वर्ष परत मिळण्याची सोय कोणत्याही योजनेत नाही.

समित्यांवरील नियुक्ती हा विषय नीरस वाटतो. राज्यव्यवस्थेच्या पाठ्यपुस्तकात त्याला दोन ओळी मिळतात. परंतु योजनेचा हेतू आणि योजनेचे फळ यांमध्ये जे अंतर पडते, त्याचा मोठा भाग नियुक्तीच्या आदेशातच दडलेला असतो.

घटनेतील स्थान

श्रमिकांचे व्यावसायिक व तांत्रिक प्रशिक्षण हा विषय सातव्या अनुसूचीतील समवर्ती सूचीच्या २५व्या नोंदीत आहे. येथे एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा विषय राज्य सूचीतून समवर्ती सूचीत आणला हे सर्वांना पाठ असते. परंतु श्रमिकांचे प्रशिक्षण मात्र मूळ घटनेपासूनच त्या नोंदीत होते. शिक्षण नंतर त्याच्या घरी राहावयास आले. पुढे ७३व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवावयाच्या २९ विषयांत तांत्रिक प्रशिक्षण व व्यावसायिक शिक्षण यांचा १८वा क्रमांक लागला. म्हणजे केंद्र, राज्य आणि पंचायत या तिन्ही पातळ्यांचा या विषयाशी घटनात्मक संबंध आहे.

तरीही जिल्हा कौशल्य समिती ही घटनात्मक संस्था नाही, आणि संसदेच्या एखाद्या स्वतंत्र अधिनियमाने निर्माण झालेली वैधानिक संस्थाही नाही. ती कार्यकारी आदेशाने अस्तित्वात येते. तिच्या शेजारी जिल्हा नियोजन समिती ठेवून पाहिली की फरक स्पष्ट होतो. अनुच्छेद २४३ झेड-डी नुसार जिल्हा नियोजन समितीचे किमान चार-पंचमांश सदस्य जिल्हा पंचायत व नगरपालिका यांच्या निर्वाचित सदस्यांमधून, त्यांनीच निवडून दिलेले असावे लागतात, आणि ग्रामीण व नागरी लोकसंख्येच्या प्रमाणात असावे लागतात. महाराष्ट्राने त्यासाठी १९९८ साली अधिनियम केला. रस्ते, शाळा, पाणी यांचा आराखडा करणाऱ्या समितीत निवडून आलेल्यांचे बहुमत घटनेने बंधनकारक केले. मात्र त्याच जिल्ह्यातील माणसांनी कोणते काम शिकावे हे ठरविणाऱ्या समितीत निवडून आलेला एकही माणूस नसला तरी कायद्याचा भंग होत नाही.

कौशल्य समित्यांना महत्त्व आले ते गेल्या दशकात. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्रात कौशल्य विकास व उद्योजकता मंत्रालय स्थापन झाले. १५ जुलै २०१५ रोजी राष्ट्रीय कौशल्य विकास अभियान आणि नवे राष्ट्रीय धोरण जाहीर झाले. आरंभीच्या वर्षांत लक्ष्ये वरून खाली येत : दिल्लीत आकडा ठरे, राज्याला वाटा मिळे, प्रशिक्षण देणारी संस्था जेथे जागा स्वस्त मिळे तेथे केंद्र उघडे. यावर उपाय म्हणून जागतिक बँकेच्या साहाय्याने ‘संकल्प’ हा प्रकल्प जानेवारी २०१८ मध्ये सुरू झाला. जिल्हा पातळीवरील यंत्रणा बळकट करणे हा त्याच्या उद्दिष्टांपैकी एक होता. जिल्हा कौशल्य विकास आराखडे तयार होऊ लागले, उत्तम आराखड्यांना पुरस्कार दिले गेले. जानेवारी २०२१ मध्ये आलेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात जिल्हा समितीला नियोजनात अधिक स्पष्ट भूमिका देण्यात आली. जिल्हाधिकाऱ्यांच्या मदतीसाठी महात्मा गांधी राष्ट्रीय अधिछात्रवृत्तीचे तरुण जिल्ह्याजिल्ह्यांत पाठविले गेले; त्यांना दोन वर्षे शिक्षण देणाऱ्या नऊ भारतीय व्यवस्थापन संस्थांत लखनौ आणि नागपूर या दोन्हींचा समावेश होता.

पदसिद्ध सदस्यांचे सभागृह

समितीची रचना राज्यागणिक थोडी बदलते, परंतु सांगाडा सारखाच आहे. अध्यक्ष जिल्हाधिकारी, उत्तर प्रदेशाच्या भाषेत जिल्हा दंडाधिकारी. सदस्यांत उद्योग, कामगार, शिक्षण, ग्रामविकास, समाजकल्याण अशा खात्यांचे जिल्हा अधिकारी, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे प्राचार्य, अग्रणी बँकेचे व्यवस्थापक आणि उद्योग संघटनांचे प्रतिनिधी. महाराष्ट्रात जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राचे सहायक आयुक्त या कामाचा कणा असतात. उत्तर प्रदेशात २०१३ साली राज्य कौशल्य विकास अभियान स्थापन झाले आणि जिल्हा समित्यांचे काम त्याच्याशी जोडले गेले.

पदसिद्ध सदस्यत्वाचे फायदे नाकारण्याजोगे नाहीत. अधिकारी बदलला तरी खुर्ची रिकामी राहत नाही. निर्णय झाल्यावर अंमलबजावणीसाठी वेगळे पत्र पाठवावे लागत नाही, कारण ज्याने अंमल करावयाचा तोच बैठकीत बसलेला असतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेमुळे खात्याखात्यांतील टोलवाटोलवी कमी होते.

दोष मात्र याच फायद्यांच्या पाठीवर बसून येतात. जिल्हाधिकारी हे अनेक समित्यांचे अध्यक्ष असतात. पूर आला, निवडणूक आली, की कौशल्य समितीची बैठक पुढे ढकलली जाणे स्वाभाविक आहे. पदसिद्ध सदस्य स्वतः न येता कनिष्ठ सहकाऱ्याला पाठवितो; त्या सहकाऱ्याला होय म्हणण्याचा अधिकार नसतो, नाही म्हणण्याचे धैर्य नसते. इतिवृत्तात मात्र त्याची उपस्थिती नोंदली जाते. आणि सर्वांत मोठी उणीव अशी की, पदसिद्ध सदस्याला जे माहीत असते ते कागदावर आधीच असते. श्रमबाजारातील जी माहिती कागदावर येत नाही, उदाहरणार्थ सकाळी नाक्यावर उभे राहणाऱ्यांपैकी टाइल्स बसविणाऱ्याला प्रथम काम मिळते की रंगाऱ्याला, ती सांगणारा माणूस त्या सभागृहात नसतो.

ही उणीव भरण्यासाठीच अशासकीय सदस्य असतात. त्यांची नेमणूक हा खरा प्रश्न आहे.

त्रिपक्षीय तत्त्वाची परंपरा

तेलीबागेजवळच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचा कार्यभार स्वीकारला आणि १९४६पर्यंत तो सांभाळला. ऑगस्ट १९४२ मध्ये दिल्लीत भरलेल्या त्रिपक्षीय कामगार परिषदेत सरकार, मालक आणि कामगार यांना एका मेजाभोवती कायमस्वरूपी बसविण्याची व्यवस्था आकाराला आली. भारतीय कामगार परिषद आणि स्थायी कामगार समिती ही तिची दोन अंगे. त्यांच्याच कार्यकाळात, १९४५ साली, पुनर्वसन व रोजगार यांचे महासंचालनालय उभे राहिले आणि सेवायोजन कार्यालयांचे जाळे त्यातून वाढले. भारतात श्रमविषयक निर्णय एकट्या सरकारने घ्यावयाचा नाही, एकट्या मालकानेही नाही, हे तत्त्व स्वातंत्र्यापूर्वीच मान्य झाले होते. १९६१च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमातील केंद्रीय व राज्य परिषदा याच वळणाच्या. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा मनुष्यबळ विकासाविषयीचा १९७५चा १४२ क्रमांकाचा संकेत भारताने २००९ साली अनुसमर्थित केला. व्यावसायिक प्रशिक्षणाची धोरणे मालक व कामगार या दोघांच्या संघटनांच्या सहकार्याने आखली व राबविली जावीत, असे त्याचे पाचवे कलम सांगते.

परंपरा अशी असताना प्रशिक्षणाच्या क्षेत्रात मेजाची एक बाजू हळूहळू रिकामी होत गेली. २००७-०८ मध्ये केंद्र सरकारने १,३९६ शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचा सार्वजनिक-खासगी भागीदारीतून दर्जा वाढविण्याची योजना आणली. प्रत्येक संस्थेसाठी एक संस्था व्यवस्थापन समिती स्थापून तिची सोसायटी म्हणून नोंदणी करावयाची आणि तिला अडीच कोटी रुपयांपर्यंत बिनव्याजी कर्ज द्यावयाचे, असा तिचा गाभा होता. परतफेडीला पहिली दहा वर्षे सवलत, नंतर वीस वर्षांचे हप्ते. समितीचा अध्यक्ष उद्योग भागीदार किंवा त्याचा प्रतिनिधी. स्थानिक उद्योगांतील आणखी चार सदस्य त्याच भागीदाराने सुचवावयाचे. आणि राज्य सरकारने नेमावयाचे पाच, ज्यांत रोजगार अधिकारी, स्थानिक शिक्षण क्षेत्रातील एक व्यक्ती, संस्थेतील एक ज्येष्ठ शिक्षक आणि विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधी. वीस टक्क्यांपर्यंत प्रवेश ठरविण्याचा अधिकारही समितीला मिळाला.

या रचनेत दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली चांगली : विद्यार्थ्याला खुर्ची मिळाली, जी अनेक मोठ्या समित्यांत आजही मिळालेली नाही. दुसरी विचार करावयास लावणारी : कामगारांच्या प्रतिनिधीचा त्या यादीत उल्लेख नाही. लेथ यंत्रावर वीस वर्षे काम केलेला कुशल कामगार शिकवणीबद्दल जे सांगू शकतो ते ना कारखान्याचा मनुष्यबळ अधिकारी सांगू शकतो, ना रोजगार अधिकारी. याशिवाय अध्यक्षानेच आपले चार सहकारी सुचवावयाचे असल्याने समितीची व्याप्ती त्या एका भागीदाराच्या दृष्टीइतकीच राहण्याचा धोका होता. भागीदार जिल्ह्यातलाच आणि मनापासून रस घेणारा असेल तर संस्थेचे रूप पालटते. तो दूरच्या शहरात बसून सही करणारा असेल, तर कर्जाची रक्कम मुदत ठेवीत पडून राहण्याला अडवणारे समितीत कोणी नसते.

माथाडी मंडळांचा धडा

नियुक्तीचा प्रश्न अधिक कसोशीने सोडविण्याचा प्रयत्न पाहावयाचा असेल तर महाराष्ट्राकडे वळावे लागते. डोक्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. मुंबईच्या गोद्या, बाजार, गोदामे येथे तो काम करी, पण त्याचा मालक कोण हे कोणालाच सांगता येत नसे. आज एका व्यापाऱ्याची पोती, उद्या दुसऱ्याची. मुकादम मध्ये उभा असे आणि मजुरीचा वाटा घेई. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील माथाडींची चळवळ आणि पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी उभी केलेली हमाल पंचायत यांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला आणि १९६९ साली महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम संमत झाला. ज्या कामगाराला कायमचा मालक नाही त्याच्यासाठी मंडळ स्थापावयाचे, व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळाकडे भरावयाची, मंडळाने कामगाराची नोंदणी करून त्याला वेतन, भविष्य निर्वाह निधी, रजा यांचे लाभ पोहोचवावयाचे, ही त्याची रीत.

माथाडी मंडळ प्रशिक्षण देण्यासाठी नाही, हे खरे. परंतु त्याच्या सदस्यत्वाचे गणित कौशल्य समितीसाठी अभ्यासण्याजोगे आहे. सदस्य राज्य सरकार नेमते. मालकांचे आणि असंरक्षित कामगारांचे प्रतिनिधी समसमान असावे लागतात. आणि सरकारचे प्रतिनिधी या दोघांच्या एकूण संख्येच्या एक-तृतीयांशाहून अधिक असता कामा नयेत. समजा, मालकांचे सहा व कामगारांचे सहा असतील तर सरकारचे चारच. अध्यक्ष सरकारी प्रतिनिधींमधून. म्हणजे सरकार तराजू धरते, पण एका पारड्यात स्वतः बसून तो झुकवू शकत नाही. ज्या वर्षी हा कायदा झाला त्याच १९६९ साली जर्मनीत व्यावसायिक प्रशिक्षणाचा संघराज्यीय कायदा झाला. तेथील प्रत्येक चेंबरच्या प्रशिक्षण समितीत मालकांचे सहा, कामगारांचे सहा आणि व्यवसायशाळांतील सहा शिक्षक असतात. काही बाबी सोडल्यास शिक्षकांचे मत सल्ल्यापुरते. मालकांची नावे चेंबर सुचविते, कामगारांची नावे कामगार संघटना. मुंबईच्या हमालांसाठी कायदा लिहिणारे आणि जर्मनीतील शिकाऊ उमेदवारांसाठी कायदा लिहिणारे यांनी परस्परांची नावेही ऐकली नसावीत, पण समसमान खुर्च्यांच्या निष्कर्षाला दोघेही एकाच वर्षी पोहोचले.

माथाडी कायद्याची मर्यादाही तितकीच बोधप्रद आहे. कामगारांचे प्रतिनिधी कामगार निवडत नाहीत, सरकार नेमते. चळवळ एकसंध असते तोवर यात अडचण येत नाही. संघटना अनेक झाल्या की कोणाची यादी ग्राह्य धरावयाची हा निर्णय मंत्रालयात होतो, आणि तो लांबला की मंडळ सदस्यांविना, केवळ अधिकाऱ्याच्या भरवशावर चालवावे लागते. त्रिपक्षीय कायदा कागदावर तसाच राहतो, व्यवहारात एकपक्षीय होतो. महाराष्ट्रातील श्रमिकांच्या मंडळांविषयी जी गाऱ्हाणी वारंवार ऐकू येतात त्यांत कायद्याच्या मजकुराबद्दल थोडी, वेळेवर न झालेल्या नेमणुकांबद्दल अधिक असतात.

निवडून दिलेला प्रतिनिधी

असंघटित श्रमिकांना निवडणुकीने प्रतिनिधी देता येतो का? त्यांची यादीच नसते, मग मतदार कोण, असा आक्षेप घेतला जातो. २०१४च्या पथविक्रेता अधिनियमाने हा आक्षेप बाजूला सारला. प्रत्येक शहराच्या नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य पथविक्रेत्यांचे असले पाहिजेत, ते पथविक्रेत्यांनी स्वतः निवडले पाहिजेत, आणि त्यांत एक-तृतीयांश स्त्रिया असल्या पाहिजेत, असे तो सांगतो. अशासकीय व समुदाय संघटनांसाठी किमान दहा टक्के जागा वेगळ्या. आधी सर्वेक्षण, त्यातून नोंद, त्या नोंदीतून मतदार यादी, असा क्रम आहे. अनेक शहरांत सर्वेक्षणे रेंगाळली आणि निवडणुकाही. तरी तत्त्व कायद्यात बसले आहे. तेलीबागेच्या बाजारात हातगाडीवर भाजी विकणाऱ्या स्त्रीला रस्त्यावरील आपल्या जागेविषयीच्या निर्णयात मत आहे. तिच्याच मुलीने कोणते कौशल्य शिकावे, या निर्णयात मात्र नाही.

चिकनकारीचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. या कलेला भौगोलिक निर्देशांक २००८ साली मिळाला आणि जानेवारी २०१८ मध्ये सुरू झालेल्या उत्तर प्रदेशाच्या ‘एक जनपद एक उत्पाद’ योजनेत लखनौसाठी चिकनकारी व जरी-जरदोजी यांची निवड झाली. समितीवर चिकन उद्योगाचा प्रतिनिधी हवा म्हटले की बहुधा निर्यातदार किंवा मोठा दुकानदार डोळ्यांसमोर येतो. त्याचा अनुभव निरुपयोगी नाही. बाजार त्यालाच ठाऊक असतो. परंतु टाका घालणारी स्त्री घरी बसून, मध्यस्थामार्फत, नगावर मजुरी घेऊन काम करते. तिला आणखी एक टाका शिकविणारे प्रशिक्षण हवे आहे, की मोजमाप, हिशेब आणि थेट विक्री शिकविणारे, हे निर्यातदाराला विचारून कळणार नाही. दुसऱ्या प्रकारचे प्रशिक्षण तिला मिळाले तर कदाचित त्याचा माल महागेल. येथे हितसंबंध एकमेकांविरुद्ध उभे आहेत. ते लपविण्यात अर्थ नाही. दोघांनाही खुर्ची देणे एवढाच त्यावरील मार्ग.

स्थानिक मनुष्यबळ मंडळांची सर्वांत तपशीलवार कायदेशीर चौकट अमेरिकेत आढळते. तेथे १९९८च्या कायद्याची जागा २०१४च्या कायद्याने घेतली. मंडळाचे सदस्य त्या भागाचा निर्वाचित प्रमुख नेमतो. बहुमत व्यवसाय-उद्योगांच्या प्रतिनिधींचे असावे लागते, त्यांची नावे स्थानिक व्यापारी संघटनांनी सुचविलेली असावी लागतात, आणि किमान वीस टक्के जागा कामगार संघटना, शिकाऊ उमेदवारी कार्यक्रम यांसारख्या श्रमिकांच्या बाजूसाठी असतात. अध्यक्ष व्यवसाय प्रतिनिधींमधूनच. भारतातील पदसिद्ध सभागृहाच्या हे बरोबर उलट टोक आहे. तेथे मालकाच्या पारड्याला मुद्दाम वजन दिले आहे, कारण नोकरी शेवटी तोच देणार असे गृहीत धरले आहे. भारतात बहुसंख्य श्रमिक असंघटित असताना हे गृहीत जसेच्या तसे उचलता येणार नाही. उचलण्याजोगी आहे ती त्या कायद्यातील दुसरी तरतूद : ज्या विषयात सदस्याचा किंवा त्याच्या संस्थेचा आर्थिक लाभ गुंतला असेल त्यावर त्याने मत देऊ नये, आणि मंडळाचे कामकाज लोकांना खुले असावे.

लाभार्थी आणि निर्णयकर्ता

हितसंबंधांच्या संघर्षाचा हा मुद्दा भारतात नवा नाही. क्षेत्रीय कौशल्य परिषदांचा विचार करण्यासाठी २०१६ मध्ये शारदा प्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने त्याकडे स्पष्ट बोट दाखविले होते. मानके ठरविणे, प्रशिक्षणाला मान्यता देणे आणि परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणे ही कामे एकमेकांत गुंतली की नियमनाचा अर्थच उरत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषदेची अधिसूचना निघाली. जुनी राष्ट्रीय व्यावसायिक प्रशिक्षण परिषद आणि राष्ट्रीय कौशल्य विकास अभिकरण यांची कामे तिच्याकडे आली. राष्ट्रीय पातळीवर नियामक वेगळा झाला.

जिल्हा पातळीवर मात्र हा विवेक नियुक्तीच्या आदेशातच पाळावा लागतो. ज्या खासगी प्रशिक्षण संस्थेला जिल्ह्यात विद्यार्थिसंख्येचे लक्ष्य मिळावयाचे आहे तिचाच संचालक ‘शिक्षणतज्ज्ञ’ म्हणून समितीवर आला, तर त्याच्या प्रत्येक सूचनेकडे संशयाने पाहिले जाईल, मग ती सूचना योग्य का असेना. त्याला वगळणे हाही उपाय नव्हे; प्रशिक्षण देणाऱ्याच्या अडचणी त्यालाच माहीत असतात. सदस्याने पद स्वीकारताना आपले हितसंबंध लेखी घोषित करावेत आणि आपला विषय निघाला की सभागृहाबाहेर जावे, एवढी अट आदेशात घालता येते. तिला पैसा लागत नाही.

आदेश कसा लिहिला जातो यावर आणखीही बरेच अवलंबून आहे. ‘उद्योग संघटनेचा एक प्रतिनिधी’ असे मोघम लिहिले की संघटना दर बैठकीला वेगळा माणूस पाठविते आणि प्रत्येकाला प्रारंभापासून समजावून सांगावे लागते. नाव, मुदत आणि पर्यायी सदस्य हे तिन्ही आदेशात असतील तर स्मृती टिकते. मुदत दोन ते तीन वर्षांची असावी आणि सर्वांची एकदम संपू नये. राज्यसभेचे एक-तृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी निवृत्त होतात त्यामागील शहाणपण छोट्या समितीलाही लागू पडते. लागोपाठ तीन बैठकांना गैरहजर राहणाऱ्याची जागा आपोआप रिक्त समजली जावी. नाक्यावरील मजुराला बैठकीस बोलवावयाचे तर त्या दिवसाची बुडालेली मजुरी त्याला दिली पाहिजे. अधिकाऱ्याला प्रवासभत्ता मिळतो, उद्योजकाला त्याची गरज नसते, आणि मजुराला रिकाम्या हाताने परतावे लागते, अशा व्यवस्थेत तो दुसऱ्यांदा येणार नाही. समितीत त्याचा प्रतिनिधी ‘येत नाही’ अशी नोंद मग इतिवृत्तात होते.

स्त्रियांच्या बाबतीत एक जागा राखून भागत नाही. बैठकीत एकटी स्त्री असेल तर तिच्याकडून महिला व बालविकासाबद्दलच बोलण्याची अपेक्षा केली जाते. दोघी-तिघी असतील तर एक विजेच्या कामाबद्दल बोलू शकते. कामगारांची बाजू शोधताना हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. मान्यताप्राप्त कामगार संघटना बहुधा कारखान्यांत व बँकांत असतात. बांधकाम, घरकाम, वाहतूक यांत त्यांचे बळ कमी असते. अशा ठिकाणी इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडील नोंदीत कामगार, स्वयंसाहाय्य गटांचे महासंघ, प्रशिक्षण पुरे करून एक-दोन वर्षे झालेले माजी विद्यार्थी यांच्यातून नावे शोधता येतात. माजी विद्यार्थी विशेष उपयोगी, कारण शिकविलेल्यापैकी कामावर काय उपयोगी पडले याचा हिशेब त्याच्या हातात असतो. १९६७ साली मुंबईत वरळी येथे पहिले श्रमिक विद्यापीठ सुरू झाले. या विद्यापीठांची २००० साली ‘जन शिक्षण संस्थान’ झाली आणि २०१८ मध्ये ती कौशल्य मंत्रालयाकडे आली. श्रमिकांना त्यांच्या वस्तीत, त्यांच्या वेळेला शिकविण्याचा पाच दशकांहून अधिक काळचा त्यांचा अनुभव जिल्हा समितीच्या दाराबाहेर राहू नये.

हा सगळा विचार येत्या काळात अधिक निकडीचा होणार आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेचा चौथा टप्पा, शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना आणि जन शिक्षण संस्थान योजना एकत्र करून मार्च २०२६पर्यंतच्या कालावधीसाठी ८,८०० कोटी रुपये मंजूर केले. त्यानंतर मे २०२५ मध्ये एक हजार शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या दर्जावाढीसाठी ६०,००० कोटी रुपयांच्या योजनेला मान्यता मिळाली : केंद्राचे ३०,०००, राज्यांचे २०,००० आणि उद्योगांचे १०,००० कोटी. एक मध्यवर्ती संस्था आणि तिच्याशी जोडलेल्या इतर संस्था अशी रचना, पाच राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्रे, ज्यांपैकी एक लखनौपासून जवळच असलेल्या कानपूरमध्ये, आणि व्यवस्थापनासाठी उद्योगांच्या पुढाकाराने चालणारी विशेष कंपनी असा हा आराखडा आहे. २००७-०८च्या योजनेत एका संस्थेमागे अडीच कोटींचे कर्ज होते. आताच्या रकमा कितीतरी मोठ्या आहेत. ज्याचा पैसा त्याचा शब्द, हे उद्योगांच्या बाबतीत मान्य करावयाचे झाले तर एकूण रकमेत त्यांचा वाटा एक-षष्ठांश आहे, आणि उरलेले पाच वाटे सार्वजनिक निधीचे आहेत, हेही मान्य करावे लागेल. त्या पाच वाट्यांच्या वतीने त्या मेजावर अधिकारी बसतीलच. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर गवंडी, चिकन काढणारी स्त्री किंवा कालच शिकून बाहेर पडलेला वायरमन बसेल की नाही, हे प्रत्येक राज्यात निघणाऱ्या नियुक्तीच्या आदेशांवरून कळेल.